टोकियोत असाकुसाला हातरिक्षा: आईला घेऊन बसावं का?

रानजाई | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी आई आणि मी जपानला चाललोय, नऊ दिवस, टोकियो आणि क्योटो. तिकिटं, व्हिसा, हॉटेल सगळं झालंय, अडलंय ते एकाच गोष्टीवर आणि ती तुम्हाला छोटी वाटेल पण आमच्या घरात तीन दिवस तोच विषय चाललाय.

आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालली की बसायला जागा शोधते. असाकुसाला सेन्सोजीचं मोठं देऊळ आहे आणि त्या भागात माणूस ओढतो त्या जुन्या पद्धतीच्या रिक्षा फिरतात असं वाचलं. मला वाटलं बरं झालं, आईला चालावं लागणार नाही आणि आजूबाजूच्या गल्ल्याही बघून होतील. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण बघितला, फोन परत दिला आणि म्हणाली, "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही."

कारण सांगते. आईचं माहेर नेरळचं. माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, अठरा वर्षं माथेरानला हातरिक्षा ओढायचा. पहाटे उठून वर जायचा, दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथे, गिऱ्हाईक घ्यायचं आणि लाल मातीतून, दगडातून बाजारपेठेपर्यंत, पुढे लांबच्या हॉटेलांपर्यंत न्यायचं. पुढे एक आणि मागे ढकलायला एक-दोघं. रात्री घरी आला की आजी मोहरीचं तेल गरम करून त्याच्या खांद्यांना चोळायची, आणि आई म्हणते त्या तेलाचा वास आला की मला आजही घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. मग तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की चल बस, मजा येते?

म्हणून दोन प्रश्न. एक, तिकडे नक्की कसं असतं, गुडघेदुखीवाल्या माणसाला चढता-उतरता येतं का, किती पैसे पडतात. दोन, हे करावं का? मला खरंच कळत नाहीये. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

निशीकासाईकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५५

रानजाई, तुमचा दुसरा प्रश्न जड आहे, त्यावर झोपून उठून लिहीन, पहिल्याचं आत्ता सांगतो. मी अकरा वर्षं टोकियोत आहे, एदोगावा वॉर्डात, इथे आपले बरेच लोक राहतात. घरी कुणी पाहुणे आले की असाकुसा ठरलेलंच, तोझाई लाईनने निहोम्बाशी, तिथे गिन्झा लाईन पकडायची की शेवटचं स्टेशन असाकुसा. (ही गिन्झा लाईन म्हणजे आशियातली पहिली भुयारी रेल्वे, १९२७ साली उएनो ते असाकुसा एवढीच धावायची.)

स्टेशनातून वर आलात की समोर कामिनारीमोन, म्हणजे गडगडाटाचं दार. लाल भडक, मध्ये तो प्रचंड कागदी कंदील, जवळजवळ चार मीटर उंच आणि ७०० किलोच्या आसपास वजन. त्याच्या खाली उभं राहून वर बघा, कंदिलाच्या बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, गर्दीत निम्म्या लोकांना तो दिसतच नाही. दाराच्या एका बाजूला वाऱ्याचा देव, दुसऱ्या बाजूला गडगडाटाचा. जुनं दार १८६५ च्या आगीत जळालं आणि मग जवळजवळ शंभर वर्षं तिथे दारच नव्हतं, आत्ताचं १९६० मध्ये पॅनासोनिकचे संस्थापक मात्सुशिता यांनी बांधून दिलं.

रिक्षा याच दाराच्या आसपास रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. ओढणारी पोरं गळ्यात किंवा हातात नकाशाची पाटी घेऊन उभी असतात, त्यावर रूट आणि दर लिहिलेले असतात. १० ते १२ मिनिटांची छोटी चक्कर, अर्धा तास, एक तास, आणि त्याहून मोठंही. एका रिक्षात दोघं मोठी माणसं. गेल्या वर्षी माझे सासू-सासरे बसले तेव्हा अर्ध्या तासाचे दोघांचे मिळून दहा हजार येनच्या आसपास झाले, म्हणजे आपले पावणेसहा हजार धरा. स्वस्त अजिबात नाही.

चढायचं असं, रिक्षाच्या पुढच्या दोन लांब दांड्या तो जमिनीवर टेकवून ठेवतो, त्यामुळे सीट पुढे झुकून खाली येते. एक छोटी पायरी ठेवतात, तिच्यावर पाय, मग रिक्षाच्या पायरीवर, आणि बसलात. हात धरायला ते स्वतः पुढे येतात. मांडीवर लाल घोंगडी पांघरतात, थंडीत हे फार बरं वाटतं. मग तो सांगतो की आता उचलतोय, मागे टेका, आणि दांड्या उचलल्या की तुम्ही एकदम मागे रेलून वर जाता, टॅक्सीच्या टपाच्या वर नजर जाते. सासूबाईंना तो एक क्षण भीती वाटली, बाकी काही नाही. गुडघ्याला दोनदाच त्रास, चढताना आणि उतरताना. पाऊस आला तर वरचं टप ओढतात आणि पुढून पारदर्शक प्लास्टिक लावतात.

एक लक्षात ठेवा, देवळासमोरची ती प्रसिद्ध दुकानांची गल्ली, नाकामिसे, तिथे रिक्षा जात नाही. ती अडीचशे मीटर चालावीच लागते. रिक्षा बाहेरच्या गल्ल्यांतून आणि सुमिदा नदीच्या बाजूने फिरते.

---

भातुकली | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

आम्ही असाकुसाला नाही, क्योटोला आराशियामात बसलो होतो. नदीवरच्या लाकडी कठड्यांच्या तोगेत्सुक्यो पुलापासून सुरुवात केली आणि बांबूच्या बनात गेलो. तिथे चालणाऱ्यांच्या वाटेवर मुंगीला जागा नव्हती पण रिक्षांसाठी वेगळी वाट ठेवलीय, तिच्यावर आम्ही दोघंच. ओढणाऱ्या मुलाने मध्येच थांबून दांड्या खाली ठेवल्या आणि बोटाने कानाकडे खूण केली, ऐका म्हणून. वर बांबू एकमेकांवर घासत होते, कर्र कर्र, जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखा आवाज, आणि त्याशिवाय काही नाही. इतकं फिरले, तो अर्धा मिनिट सगळ्यात जास्त लक्षात आहे.

रानजाई, क्योटोत जाणारच आहात तर हा पर्यायही बघा. आईंचं म्हणणं मात्र मला पटलं, वाचून डोळ्यात पाणी आलं.

---

सह्यवारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या आईंचं बरोबर आहे, तो विषय तिथेच संपायला हवा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिलाय. स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाल्यावर माणसाने माणसाला ओढायचं हे संविधानाने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाशी विसंगत आहे, आणि जे आज रिक्षा ओढतात त्यांनाच ई-रिक्षा द्या, असं सांगितलंय. ही मागणी तिथल्या रिक्षा ओढणाऱ्यांचीच होती, किती वर्षं मागे लागले होते ते. ज्यांच्या छातीचा भाता झाला, ज्यांना पन्नाशीत दम लागायला लागला, त्यांनी लढून हे मिळवलं. आणि आपण विमानाने सहा हजार किलोमीटर जाऊन पैसे मोजून तेच करायचं? तिकडची गाडी चकचकीत आहे, ओढणारा हसतो, म्हणून ते वेगळं होत नाही.

---

जुनंपान | १३ ऑक्टोबर, दुपारी १:०५

सह्यवारा, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण या गाडीचा थोडा इतिहास सांगतो, मग आपण परत बोलू.

आपण रोज "रिक्षा" म्हणतो तो शब्दच जपानी आहे. मूळ शब्द जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. इंग्रजांनी पुढचं जिन खाल्लं, आपण त्याची रिक्षा केली, आणि पुढे तिला इंजिन बसवून ऑटोरिक्षा केली. म्हणजे शब्दातून माणूस गेला आणि त्याची ताकद तेवढी राहिली, हे माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

ही गाडी निघाली टोकियोत, १८६९ च्या सुमारास. इझुमी योसुके, सुझुकी तोकुजिरो आणि ताकायामा कोसुके या तिघांची नावं सांगतात, १८७० साली त्यांना सरकारी परवानगी मिळाली. श्रेयावर इतरांनीही दावे केले आहेत, एका अमेरिकन मिशनऱ्याचं नावही घेतात. त्याच्या आधी तिथे काय होतं? कागो. आपल्याकडच्या डोलीसारखं, बांबूला टांगलेली पेटी आणि पुढे-मागे दोन माणसं खांद्यावर घेऊन पळणार. सगळं वजन खांद्यावर. रिक्षा आली तेव्हा वजन चाकावर गेलं आणि दोघांचं काम एकाला करता यायला लागलं, म्हणून ती एवढी झपाट्याने पसरली की काही वर्षांत एकट्या टोकियोत हजारोंनी झाल्या. राजेशाहीतले बदल चालू होते, जुन्या व्यवस्थेतली रोजगार गेलेली असंख्य माणसं शहरात आलेली, त्यांनी हे काम धरलं. ते काम काही सुखाचं नव्हतं, त्यांचेही हाल झाले. मग ट्राम आल्या, रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि रिक्षा संपत गेल्या. युद्धानंतर पेट्रोल मिळेना तेव्हा थोडे दिवस परत दिसल्या. आज असाकुसात किंवा आराशियामात ज्या आहेत त्या फक्त पर्यटनासाठी नव्याने सुरू केलेल्या.

तिथून निर्यात होऊन ती चीन, सिंगापूर, आपल्याकडे सिमला, कलकत्ता, सगळीकडे गेली. कलकत्त्यात अजून आहे. म्हणजे माथेरानची रिक्षा आणि असाकुसाची रिक्षा एकाच खोडाच्या फांद्या आहेत, पण फरक मला एवढाच दिसतो की माथेरानमध्ये मोटारगाडी जाऊच शकत नव्हती आणि ओढणाऱ्याला दुसरं काम नव्हतं. असाकुसात भुयारी रेल्वे, बस, टॅक्सी सगळं आहे. तिथे रिक्षा कुणाची गरज म्हणून चालत नाही.

---

ठाणे_लोकल | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

व्यवहाराचं सांगतो. कामिनारीमोनजवळ एक मुलगा आमच्या मागेच लागला, आम्ही नको म्हटलं तरी पाटी घेऊन बरोबर चालत राहिला, शेवटी बायको दमली होती म्हणून बसलो. आम्हाला वाटलं छोटी चक्कर, त्याने धरली मोठी, उतरताना आकडा ऐकून पोटात गोळा आला. भांडण नाही केलं, भाषेची अडचण दोन्हीकडून होती, पण दिवसभर तो कडवटपणा राहिला. म्हणून बसायच्या आधी पाटीवर बोट ठेवून विचारा, ही चक्कर, इतकी मिनिटं, दोघांचे मिळून इतके का. फोनवर आकडा टाईप करून दाखवा. कार्ड घेतात का तेही आधीच. आणि जो मागे लागत नाही, नुसता हसून उभा राहतो, त्याच्याकडे जा.

---

दगडफूल | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५०

माझं काम सायकल आणि हातगाड्यांचं, वर्कशॉप आहे, त्यामुळे हे बघायला मला फार आवडतं. जपानी रिक्षाची रचना नीट बघा. दोनच चाकं, मोठी, माणसाच्या कमरेच्या वर येणारी, बारीक आऱ्या, रबरी टायर. सीट बरोबर आसाच्या वर. रिकामी गाडी ऐंशी किलोच्या आसपास असते, वर दोन माणसं, म्हणजे दोनशेच्या पुढे. पण ओढणारा हे दोनशे किलो उचलत नाही. दांड्या योग्य उंचीवर आल्या की पुढचं वजन आणि मागचं वजन सारखं होतं, सगळा भार आसावर, हातात जवळजवळ काहीच नाही. जोर लागतो तो सुरुवातीला गाडी हलवायला, आणि थांबवायला. सपाट डांबरी रस्त्यावर एकदा चाक फिरलं की ते फिरत राहतं. बॉल बेअरिंग चांगलं असेल तर बोटाने ढकलली तरी सरकते.

म्हणजे सगळं रस्त्यावर आहे. हीच गाडी लाल मातीत, दगडावर, चढावर घाला, मग बघा. माथेरानमध्ये जो त्रास होता तो त्या चढाचा आणि त्या वाटेचा होता. उतारावर तर जास्त, दोनशे किलो मागून अंगावर येतंय आणि ब्रेक म्हणजे तुमचे पाय.

---

रानजाई | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. सह्यवारा, राग नाही आला, उलट तुम्ही लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं. तिने दगडफूल यांचं शेवटचं वाक्य मात्र दोनदा वाचायला लावलं, ब्रेक म्हणजे तुमचे पाय. म्हणाली, "हे कुणीतरी ओढणाऱ्याला विचारून लिहिलंय." मामाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी, ते उतारामुळेच असं तो म्हणतो.

अजून ठरलेलं नाही. ती म्हणते तिथे जाऊन आधी बघू, माणूस कसा आहे, रस्ता कसा आहे. तेवढं तरी मान्य झालंय.

---

निशीकासाईकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

झोपून उठून लिहीन म्हणालो होतो, दोन दिवस लागले.

मी ओढणाऱ्यांशी बोललोय, ऑफिसमधल्या एकाचा भाऊ हेच काम करायचा. इथे त्याला शाफू म्हणतात. बरेच जण कॉलेजात शिकणारे किंवा नुकते बाहेर पडलेले, मुलीही आहेत आणि दरवर्षी जास्त दिसतात. आधी शिकवणी असते, रिकामी गाडी ओढायची, मग सहकाऱ्यांना बसवून, आणि परिसराची माहिती तोंडपाठ. कारण गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या बोलण्याचे. हा पोरगा पळता पळता सांगतो की या गल्लीत अमुक दुकान किती पिढ्यांचं, स्कायट्री या टॉवरची उंची ६३४ मीटर का ठेवली (सहा-तीन-चार जपानीत मु-सा-शी असं वाचता येतं, आणि मुसाशी हे या प्रांताचं जुनं नाव). तो गाईड आहे, फोटोग्राफर आहे आणि ओढतोही. लोकांनी त्याला खालच्या नजरेने बघितलेलं मला तरी दिसलं नाही. काही वर्षं करतात, सोडतात, दुसरं काम धरतात. सोडता येतं, हे माझ्या मते मोठं आहे.

आणि आता तुमच्या आईंसाठी खास. असाकुसात गणपती आहे. खरंच. सेन्सोजीच्या ईशान्येला, नदीजवळच्या छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे इथे आलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम झाकलेली. नैवेद्याला मुळा. आपल्याकडे मोदक तसा इथे पांढराशुभ्र लांब मुळा, देवळातच विकत मिळतो, भिंतींवर, दिव्यांवर सगळीकडे मुळ्याची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली. पायऱ्या आहेत पण बाजूला एक छोटीशी रुळावरची लिफ्ट बसवलीय, म्हाताऱ्या माणसांसाठी, फुकट. कामिनारीमोनपासून किलोमीटरभर आहे. शाफूला सांगितलं तर नेतात.

सेन्सोजीत तर कान्नोन आहे, म्हणजे अवलोकितेश्वर, तोच आपल्या कान्हेरीच्या लेण्यातला. इ.स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून ती मूर्ती आली अशी कथा आहे. आवारातच बेनतेनचं छोटं देऊळ आहे, बेनतेन म्हणजे सरस्वती. आईंना परकं वाटणार नाही.

---

सह्यवारा | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

निशीकासाईकर, "सोडता येतं" हे वाचून थांबलो. माथेरानच्या माणसाला सोडता येत नव्हतं, खरंय. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, मी स्वतः बसणार नाही. पण रानजाई, तुमच्या आई त्या माणसाशी बोलल्या तर काय बोलणं झालं ते नक्की लिहा. ते मला वाचायचंय.

---

भातुकली | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मुळा! हे मला माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी नक्की.

---

रानजाई | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

परवा परत आलो. जेट लॅग उतरायची वाट न बघता लिहितेय कारण आई रोज विचारते, त्या लोकांना सांगितलंस का.

असाकुसाला आम्ही शुक्रवारी गेलो, सकाळी साडेदहाला. थंडी छान होती, ऊन होतं, देवळातलं गिंकोचं झाड पिवळंजर्द झालेलं. आधी नाकामिसे चाललो, हळूहळू, दोनदा थांबत, आईने तिळाच्या चवीचं काहीतरी कुरकुरीत घेतलं आणि म्हणाली चिकीसारखंच आहे. धुपाच्या मोठ्या भांड्याजवळ लोक धूर हाताने अंगावर ओढून घेत होते, जिथे दुखतं तिथे लावायचा. आईने दोन्ही गुडघ्यांवर घेतला. परत कामिनारीमोनला आलो तेव्हा ती दमली होती, टॅक्सी करू म्हणाले, तर ती रस्त्याच्या कडेला उभ्या रिक्षांकडे बघत होती.

तिथे एक मुलगी उभी होती. चोवीस-पंचवीसची असेल, बारीक, काळा अंगरखा, कमरेला पट्टा, केस मागे घट्ट बांधलेले. पायात ते जिकाताबी, अंगठा वेगळा असलेले कापडी बूट. आई म्हणाली, "ही ओढणार?" आणि मला वाटलं संपलं, आता ही टॅक्सीच म्हणणार. पण ती सरळ तिच्याजवळ गेली आणि स्वतःचे दोन्ही तळहात उघडून दाखवले, मग तिच्या हातांकडे बोट केलं. त्या मुलीला कळलं. तिने हातमोजे काढले आणि तळवे पुढे केले. बोटांच्या मुळाशी चार-चार घट्टे, पिवळट, कडक. आईने अंगठ्याने एकेक दाबून बघितला. मग मला म्हणाली, "तुझ्या मामाचे खांद्यावर होते."

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि फोनच्या भाषांतरावर त्या मुलीला सांगितलं की माझा मामा भारतात डोंगरावर हेच काम करायचा, अठरा वर्षं. ती एकदम ताठ उभी राहिली आणि आईला कमरेत वाकून नमस्कार केला, नेहमीचा पाहुण्यांना करतात तो नाही, बराच वेळ खाली. आईला काय करावं सुचेना, तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग आई म्हणाली, मामाला फोन लाव. आमचे साडेअकरा वाजले होते, नेरळला सकाळचे आठ. मामा अंगणात चहा पीत होता. मी कॅमेरा फिरवला आणि मामाने ना तिला हॅलो म्हटलं ना आईला, पहिला प्रश्न, "आस कुठं आहे? सीटखाली का मागं?" मी चाकाजवळ फोन नेला. "दांड्या किती लांब?" ती मुलगी हसली, दांड्यांमध्ये उभी राहून तिने रिकामी गाडी उचलून दाखवली, मग हात सैल सोडून दाखवलं की बघा, तरंगते. मामा म्हणाला, "आईला उचलू दे." तिने आईला दांड्यांमध्ये उभं केलं, स्वतः बाजूला आधाराला राहिली. माझी आई, ६७ वर्षांची, साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, असाकुसाच्या रस्त्यावर रिक्षाच्या दांड्या धरून उभी. दोन पावलं ओढली तिने. म्हणाली, "अगं, हलकी आहे." आणि रडायला लागली.

मामा पलीकडून विचारतोय, "उतारावर काय करते ती?" मी भाषांतर करून विचारलं. ती म्हणाली इथे सगळं सपाट, पण पुलावरून उतरताना मागे रेलायचं आणि टाचा टेकवत यायचं. तिने करून दाखवलं. मामा म्हणाला, "बरोबर. टाचाच. पंजावर गेली की गेली गाडी." तिला हे सांगितल्यावर तिने फोनकडे बघून पुन्हा वाकून नमस्कार केला आणि मामाने चहाचा कप खाली ठेवून हात जोडले.

आम्ही बसलो. आई स्वतःच म्हणाली चल. अर्धा तास. पाटीवर बोट ठेवून आकडा आधीच नक्की केला (ठाणे_लोकल, धन्यवाद). मागच्या गल्ल्यांतून नेलं, मग नदीजवळ, तिथून स्कायट्री आणि ती बिअर कंपनीची सोनेरी ज्वाळेची इमारत एकत्र दिसते, मग मात्सुचियामाला. रस्ता डांबरी, गुळगुळीत, गाड्यांबरोबर डाव्या बाजूने, सिग्नलला थांबत. आई पूर्ण वेळ तिच्या पायांकडे बघत होती. दर दोन मिनिटांनी मला सांगायची, विचार ना तिला दम लागला का. मी एकदा विचारलं तर ती पळतानाच मागे वळून म्हणाली, आज नाही. एक रिक्षा दिवसात किती वेळा ओढतेस, तर सीझनमध्ये सात-आठ चकरा, मधे विश्रांती, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. पुढे काय करणार, तर अजून दोन वर्षं हे आणि मग तिच्या गावी, समुद्राकाठी, छोटं खानावळवजा हॉटेल.

शोदेनला उतरलो. ती छोटी लिफ्ट मिळाली, आईला पायरी चढावी लागली नाही. आम्ही मुळा घेतला, चांगला हातभर, आईने तो दोन्ही हातांनी धरून वाहिला आणि अथर्वशीर्ष म्हटलं, हळू आवाजात, पूर्ण. कुणी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही.

जाताना आईने पर्समधून माथेरानची शेंगदाणा चिकी काढली, जाताना सोबत खायला घेतली होती, आणि अख्खं पाकीट तिच्या हातात दिलं. टिप तिकडे घेत नाहीत, ही मात्र तिने दोन्ही हातांनी घेतली.

---

सह्यवारा | ६ डिसेंबर, रात्री ११:४०

तीन वेळा वाचलं. मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या जोडीदारांपैकी कुणाला ई-रिक्षा मिळाली का?

---

दगडफूल | ७ डिसेंबर, सकाळी ८:००

"आस कुठं आहे?" पहिला प्रश्न हाच. मामांना भेटायला नेरळला येतोय मी, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

भातुकली | ७ डिसेंबर, सकाळी ८:४५

अथर्वशीर्ष असाकुसात. काय लिहू, शब्द नाहीत.

---

रानजाई | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

सह्यवारा, मामाचा जुना जोडीदार अजून वाट बघतोय, कागद भरून दिलेत, रोज चौकशी करतो. काही कळलं की इथेच लिहीन.

दगडफूल, व्यनि केलाय. येताना एक रविवार राखून या, मामा एकदा बोलायला लागला की उठू देत नाही.

आणि एक राहिलंच होतं. मामाने फोनवर शेवटी विचारलं होतं की ते बूट कुठे मिळतात. त्या मुलीने आम्हाला जवळचं एक कामगारांच्या कपड्यांचं दुकान नकाशावर दाखवलं, तिथून एक जोडी आणली, २६ नंबर, काळे. आज दिले त्याला. अंगठ्याची खाच कळायला थोडा वेळ लागला, मागची हुकं आईने लावून दिली. ते घालून संध्याकाळी नेरळ स्टेशनपर्यंत चालत जाऊन आला, काठी न घेता.